पहिल्या शर्यतीआधी मॉक रेस: कोवळ्या घोड्याला किती, कधी आणि कशी द्यावी

मॉक रेस म्हणजे बक्षीस आणि बेटिंग वगळून बाकी सगळी शर्यत. सकाळी ट्रॅकवर्कच्या, म्हणजे सरावाच्या वेळेत चार-सहा घोडे गेटमध्ये (शर्यत जिथून सुटते त्या दारांच्या खणांत) घालायचे, वर जॉकी किंवा रायडिंग बॉय (सरावाला बसणारा स्वार), सोडायला स्टार्टर आणि वेळ घ्यायला कोणीतरी. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर हिला मॉक म्हणतात, सिडनी आणि हाँगकाँगला बॅरिअर ट्रायल. मेलबर्नकडे तिचाच जरा कमी औपचारिक प्रकार असतो, त्याला जंप-आउट म्हणतात. एकही शर्यत न धावलेल्या दोन वर्षांच्या घोड्याला ती द्यावी का, यावर तबेल्यागणिक वेगळं मत मिळेल. आमचं मत असं: एक मॉक द्यावीच. मात्र ती त्या आठवड्याच्या वेगवान गॅलपच्या, म्हणजे जोरात पळवण्याच्या कामाच्या, जागी द्यावी, गॅलप करून वर आणखी नाही. आणि ती घोड्याला शिकवण्यासाठी द्यावी. घड्याळात चांगला आकडा दिसावा म्हणून दिलेली मॉक शेवटी घोड्याच्या पायांवर निघते.

विरोधातले मुद्दे फुसके नाहीत. कोवळी हाडं बिनबक्षिसाच्या धावेत का झिजवायची? मॉकमध्ये घोडा जायबंदी झाला तर मालकाच्या हाती काय? शिवाय मॉकमध्ये ग्रँडस्टँडचा गलका नसतो, मग खरी परीक्षा होते कुठे? तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मॉक दिली नाही तर गेटमधून सुटणं, दोन घोड्यांच्या मधून धावणं, तोंडावर उडणारी वाळू झेलणं हे सगळं घोडा पहिल्या शर्यतीतच शिकतो. शिकवणी तीच, फक्त फी पंटर, म्हणजे पैसे लावणारा भरतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतीला जुगार न मानता कौशल्याचा खेळ मानलं. घोड्याची तयारी आणि अंगची कुवत, जॉकी, वजन, अंतर यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हा त्यामागचा आधार होता. आता जो घोडा धावताना कोणी पाहिलेलाच नाही, त्याच्या बाबतीत अभ्यासायला उरतं काय? आई-बाप आणि ट्रेनरचं नाव. बाकीची माहिती तबेल्यातल्या चार जणांकडे आणि त्यांच्या ओळखीच्या चाळीस जणांकडे.

हाँगकाँगने हा प्रश्न सरळ सोडवला आहे. नवा घोडा बॅरिअर ट्रायल पास झाल्याशिवाय शर्यतीत येत नाही आणि ट्रायलचे निकाल, व्हिडिओ सगळ्यांना बघायला मिळतात. जपानच्या मध्यवर्ती रेसिंगमध्ये निदान गेटची परीक्षा पास व्हावीच लागते. अमेरिकेत वेळ लावलेले वर्कआउट छापतात आणि गेटमधून केलेल्या वर्कआउटपुढे तशी खूण असते. ब्रिटनमध्ये ट्रायलची पद्धत रुळलेली नाही, घोडा सरळ शर्यतीत उतरतो. म्हणूनच शर्यतीचा वापर सरावासाठी केल्याचा संशय आला की तिथले स्टुअर्ड (शर्यतीचे पंच) चौकशी लावतात. आपल्याकडे मॉक आणि गेट प्रॅक्टिसच्या वेळा रेसच्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत येतात. त्या हंगामात नव्या घोड्यासाठी काय सक्तीचं आहे ते क्लबच्या प्रॉस्पेक्टसमध्ये (हंगामाच्या माहितीपुस्तकात) वाचून घ्यावं. एन्ट्री भरण्याआधी स्टार्टरच्या नोंदीत आपल्या घोड्याबद्दल काय लिहिलंय तेही विचारावं. एन्ट्रीचे पैसे भरून झाल्यावर गेटच्या शेऱ्यावरून घोडा अडकला तर दोष कोणाला देणार?

आधी हाडं, मग तारीख

आपल्याकडे जातिवंत घोड्याचं वय १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं आणि एप्रिलअखेर जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाची. हाडांत मात्र जवळजवळ चार महिन्यांचा फरक. मॉकची तारीख ठरवताना कागद बाजूला ठेवून पुढच्या दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे काढून घ्या. गुडघ्याच्या लगेच वरची वाढीची रेषा उघडी दिसत असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत वेगाचं काम वाढवू नका. ही रेषा साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान मिटते. थोराड दिसणाऱ्या घोड्याचीही उशिरा मिटू शकते, त्यामुळे अंगापिंडाच्या भरवशावर राहू नये.

कोवळ्या घोड्यांचं सगळ्यात नेहमीचं दुखणं म्हणजे शिन. पुढच्या पायाच्या नळीच्या हाडाची पुढची बाजू सुजते, हात लावू देत नाही, पाऊल आखडतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डेव्हिड नुनामेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं. त्याचं सार असं, की संथ कँटर (दुडकीपेक्षा वेगाची, गॅलपपेक्षा सावकाश चाल) आणि भरधाव धाव यांत नळीच्या हाडावरचा ताण वेगवेगळ्या पद्धतीने पडतो. महिनोन् महिने लांबलचक संथ गॅलप दिले तर हाड संथ गॅलपसाठी तयार होतं. मग एका सकाळी अचानक १००० मीटर भरधाव सोडलं की त्याला तो ताण अनोळखी असतो. उपाय म्हणजे वेग लवकर दाखवायचा, पण अगदी थोड्या अंतरापुरता आणि नियमित.

दुडकी आणि कँटरचा पाया पक्का झाल्यावर पुढचं वेळापत्रक बहुतेक कोवळ्या घोड्यांना मानवतं:

पहिले ५ आठवडे: रोज १२०० ते १६०० मीटर सावकाश कँटर. आठवड्यातून दोनदा त्यातले शेवटचे २०० मीटर १५ सेकंदांत. हा वेग ताशी ४८ किलोमीटर होतो. शर्यतीत घोडा २०० मीटर १२ सेकंदांत, म्हणजे ताशी ६० ने जातो.

पुढचे ५ आठवडे: तेच, पण शेवटचे ४०० मीटर ३० सेकंदांत. आठवड्यातून दोनदाच.

त्यानंतरचे ४ ते ५ आठवडे: आठवड्यातून एकदा ६०० मीटर ४१-४२ सेकंदांत, जोडीदार घोड्याबरोबर. आठवड्यातलं दुसरं वेगाचं काम फक्त २०० मीटर, हाताने सोडून, म्हणजे चाबूक न लावता.

म्हणजे वेगाचं काम सुरू केल्यापासून मॉकपर्यंत साडेतीन महिने. घाई झालेल्या मालकाला हे लांब वाटतं. पण शिन धरली की सहा-आठ आठवडे तसेच जातात आणि मग हंगामच हातातून सुटतो.

नळी रोज तपासायची. सईस सकाळी खरारा करतो तेव्हा पाय टेकलेला असताना अंगठ्याने नळीच्या मधल्या भागावर वरून खाली दाब देत यायचं. मग पाय उचलून पुन्हा तसंच. दोन्ही पायांची तुलना करायची. घोडा पाय झटकत असेल, कान मागे पाडत असेल किंवा एका नळीची रेघ दुसरीपेक्षा गोलसर लागत असेल, तर त्या आठवड्याचं वेगाचं काम रद्द. चालवणं आणि हलकी दुडकी चालू ठेवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे वेदनाशामक देऊन मॉक उरकणं. दुखणं झाकलं जातं, हाडाची भेग झाकली जात नाही. मॉक उत्तम होते आणि घोडा तिसऱ्या दिवशी तीन पायांवर उभा.

दुसरा धोका सहज नजरेतून सुटतो. पाऊस, खोकला किंवा नालेचा खिळा लागल्यामुळे घोडा दोन-तीन आठवडे उभा राहिला, की लोक जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू करतात. तेवढ्या विश्रांतीत दम फारसा जात नाही, पण हाडाची डागडुजी अर्धवट अवस्थेत असू शकते. अशा वेळी एक टप्पा मागे जायचं आणि मॉक तेवढी पुढे ढकलायची.

दोन वर्षांच्या वयात पळवूच नये, असंही एक मत आहे. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत दोन वर्षांचे असताना धावलेले घोडे पुढे जास्त काळ टिकलेले दिसतात. त्यावरून मात्र लवकर पळवलं की घोडा टिकतो, असा अर्थ काढू नये. मुळात जे धडधाकट होते तेच लवकर धावले, हेही त्यात आहे.

गेट

मॉक फसते ती बहुधा गेटमध्ये, आणि गेट फसतं ते घाईमुळे. वेगाचा दुसरा टप्पा सुरू होतानाच गेटचं शिक्षण सुरू करा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी १०-१५ मिनिटं, आणि रपेट झाल्यावर, घोडा जरा निवळलेला असताना.

१. पुढची-मागची दोन्ही दारं उघडी. जुन्या, शांत घोड्याच्या मागोमाग आरपार चालत न्यायचं. न थांबता, चार-पाच वेळा.

२. दारं उघडीच, पण आत थांबवायचं. आधी पाच सेकंद, मग अर्धा मिनिट. मानेवर थाप, मूठभर लसूणघास.

३. मागचं दार लावायचं. ते पुठ्ठ्याला, म्हणजे घोड्याच्या मागच्या अंगाला टेकलं की बरेच घोडे दचकतात. म्हणून आधी हाताने, मग गोणपाटाने पुठ्ठा चोळून त्या स्पर्शाची सवय करायची. दुगाण्या झाडणारा घोडा इथेच कळतो.

४. पुढचं दार लावून, हाताने हळू उघडून चालत बाहेर.

५. दार स्टार्टरच्या पद्धतीने आवाजासकट उघडायचं. बाहेर दुडकी, मग कँटर.

६. शेजारच्या खणांत आणखी दोन-तीन घोडे. एकदा त्याला आधी आत घालायचं, एकदा शेवटी. शर्यतीत ड्रॉ (कोणता खण मिळतो ते) आणि भरण्याचा क्रम आपल्या हातात नसतो, आणि आधी आत गेलेल्या घोड्याला एक-दोन मिनिटं उभं राहावं लागतं.

७. मग एकदा जोरात उडी मारून सुटणं आणि २०० मीटर.

शेवटची पायरी आठवड्यातून एकदाच. पाचातल्या चार वेळा घोडा गेटमधून शांतपणे चालत बाहेर पडला पाहिजे. प्रत्येक वेळी उडी मारायला लावलं तर घोडा गेट दिसताच घामाघूम होतो, आत नाचतो आणि दार उघडायच्या क्षणी त्याचं डोकं वर किंवा आडवं असतं. मग सुटताना तीन-चार लांब्या जातात (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर). पंटर म्हणतात घोडा स्लो निघाला. खरं म्हणजे त्याला फार शिकवलेलं असतं.

अडणाऱ्या घोड्याला चाबूक दाखवून आत घालू नका. डोळ्यांवर पट्टी बांधून एक छोटं वर्तुळ फिरवायचं आणि सरळ आत न्यायचं, हे बहुतेकांना चालतं. आत जाऊन बसकण मारणारा किंवा मागे रेटणारा घोडा मात्र मॉकला आणूच नये. शेजारच्या घोड्यांनाही तो तेच शिकवतो.

कोणाबरोबर, किती अंतर, काय सांगून

बरोबरचे घोडे निवडणं हे मॉकमधलं निम्मं काम. एक जुना, सरळ धावणारा, कितीही गोंधळ झाला तरी न बुजणारा घोडा हवा. एक-दोन आपल्या घोड्याच्याच तोडीचे हवेत. पुढचा विजेता म्हणून गाजावाजा झालेल्या भन्नाट स्प्रिंटरबरोबर भिडू नका. तो पहिल्या ४०० मीटरमध्येच दहा लांब्या पुढे जातो आणि कोवळा घोडा एकटा पडून मागे धावत राहतो, शिकत काहीच नाही. अगदीच कच्च्या घोड्यांबरोबर ठेवलं तर तो पहिल्यापासून पुढे पळतो. तोंडावर माती घेणं, अंगाला अंग लावून धावणं, मधल्या फटीतून जाणं यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. आठ लांब्यांनी मॉक जिंकलेला घोडा पहिल्या शर्यतीत गर्दीत अडकला की डोकं वर करतो, ते यामुळे.

अंतर पहिल्या वेळी ८०० किंवा १००० मीटर पुरे. पुढे तो १६०० मीटरचा होणार असला तरी सुरुवात इथूनच. घोडे चार ते सहा. रायडर असा निवडावा की ज्याने या घोड्याला सकाळी निदान तीन-चार वेळा पळवलंय. शक्य असेल तर पहिल्या शर्यतीला जो जॉकी बसणार तोच. ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं), टंग टाय (जीभ बांधायची पट्टी) पहिल्या मॉकला लावू नका. मुळात घोडा कसा आहे ते आधी कळू द्या. नाल मात्र शर्यतीचे हवेत. अ‍ॅल्युमिनियमचे हलके नाल नालबंदाकडून दोन-तीन दिवस आधी मारून घ्या. मॉकच्या सकाळी मारले आणि एखादा खिळा जवळून गेला असेल, तर ते कळेपर्यंत घोडा धावून झालेला असतो.

रायडरला सूचना कमी आणि स्पष्ट द्याव्यात. साधारण अशा:

"सुटल्यावर घाई करू नकोस, जिथे बसेल तिथे बसव. पुढे एक-दोन घोडे ठेव, माती खाऊ दे. शेवटच्या ४०० ला बाहेर काढ आणि हातानेच विचार. चाबूक हातात असू दे, वापरायचा नाही. पोस्टनंतर एकदम ओढू नकोस, २००-३०० मीटर तसाच जाऊ दे."

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शेवटच्या वाक्याकडे. भरधाव घोडा पोस्टवर, म्हणजे शर्यत संपते त्या खांबावर, एकदम आवळला की थकलेल्या पुढच्या पायांवर सगळा भार येतो, कंडरा आणि घोटा दोन्ही धोक्यात. शिवाय पोस्टनंतर घोडा कसा जातो यातून जे कळतं ते आधीच्या १००० मीटरमधून कळत नाही. दम असलेला घोडा कान पुढे करून आपणहून जात राहतो. संपलेला घोडा पोस्टच्या आधीच थांबायला बघतो.

मॉकची सकाळ

शेवटचं वेगाचं काम चार-पाच दिवस आधी. आदल्या रात्री नेहमीचा तोबरा, काही कमी-जास्त नाही. सकाळी दाणा द्यायचाच असेल तर धावण्याच्या चार तास आधी, मूठभर. वाळलं गवत थोडं चालेल, पाणी तोडायचं नाही. तबेल्यातून काढण्याआधी ताप बघा. ३७.२ ते ३८.३ सेल्सिअसमध्ये हवा. आरामातली नाडी मिनिटाला २८ ते ४० च्या दरम्यान असते. ताप थोडाही चढलेला असेल, रात्रीचा दाणा गव्हाणीत उरला असेल किंवा नाकातून घट्ट शेंबूड असेल, तर मॉक नाही. मग कडक जमिनीवर मोहरकी धरून दुडकीत आणा. डोकं एका पायावर वर जातंय का, पाहा. चारही घोट्यांवर हात फिरवून गरम किंवा भरलेलं काही लागतंय का, तेही.

जमिनीकडेही बघायला हवं. पुण्याच्या पावसाळी हंगामात गवताचा ट्रॅक इतका मऊ होतो की कोवळा घोडा खोल पाय टाकत थकून जातो. मुंबईत हंगाम उतरताना तीच जमीन घट्ट होते आणि धक्का थेट नळीत जातो. पेनेट्रोमीटरचा (जमीन किती मऊ-कडक ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा बघा. दोन्ही टोकांना मॉक वाळूच्या ट्रॅकवर घेतलेली बरी. वाळूवरची वेळ गवतापेक्षा मंद येते, म्हणून दोन्हींची तुलना करत बसू नये.

काय टिपायचं

स्टॉपवॉचबरोबर एक वही आणि मोबाइलवर व्हिडिओ, दोन्ही हवं. व्हिडिओ पुढून किंवा पोस्टच्या बाजूने घ्यावा. मागून घेतलेल्या व्हिडिओत घोडा सरळ धावतोय की आत-बाहेर लोंबतोय ते दिसतं, म्हणून जमलं तर तोही.

गेटमध्ये किती सेकंदांत शिरला, आत कसा उभा राहिला आणि दार उघडल्यावर पहिलं पाऊल कसं पडलं, इथून नोंद सुरू होते. मग दर २०० मीटरची वेळ. पहिल्या १००० मीटरच्या मॉकला वाळूवर १४.०, १२.५, १२.४, १२.६, १३.० असं आलं, म्हणजे एकूण १ मिनिट ४.५ सेकंद, तर कोवळ्या घोड्यासाठी हे निरोगी चित्र आहे. सुटताना वेळ गेला, मधे लय धरली, शेवटी किंचित मंदावला. याउलट १३.०, ११.७, ११.९, १३.१, १४.८ आलं तर बेरीज तीच १ मिनिट ४.५ सेकंद. पण हा घोडा रायडरच्या हातून सुटला आणि शेवटी संपला. वर्तमानपत्रात दोघांची वेळ एकच छापून येते. एकूण वेळेवर भरवसा ठेवू नये तो यासाठी.

वळणावर कोणता पाय पुढे आहे ते बघा. ट्रॅक उजव्या हाताचा, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा असेल तर वळणावर उजवा पुढचा पाय आघाडीवर हवा आणि सरळ मार्गावर आल्यावर घोड्याने तो बदलायला हवा. बदलतच नाही, किंवा बदलून लगेच परत पहिल्यावर येतो, तर एकतर त्याला अजून समज नाही किंवा एका पायाला काहीतरी दुखतंय. दोन दिवसांनी दुडकीत पुन्हा तपासा. शेपटी गरगर फिरवणं, तोंड उघडं ठेवणं, जीभ बाहेर काढणं, घशातून घुरघुर आवाज येणं हे सगळं लिहून ठेवायचं. घुरघुर आली तर धावल्यानंतरच्या तपासणीला पर्याय नाही.

धावल्यानंतरचे तीन दिवस

खोगीर उतरवून लगेच अंगावर पाणी, पाणी निपटून काढून पुन्हा पाणी, आणि चालवणं. मुंबईच्या दमट हवेत अंग कोरडं होण्याची वाट बघत उभं ठेवू नका. अर्धा तास तरी चालवा, मधे मधे पाणी पिऊ द्या. नाकपुड्यांत रक्ताचा थेंब दिसला किंवा घुरघुर ऐकू आली असेल तर ३० ते ९० मिनिटांच्या आत एंडोस्कोपी. उशीर केला तर श्वासनलिकेतल्या रक्ताचा माग राहत नाही. आतून रक्त आलेल्या बहुतेक घोड्यांच्या नाकातून काहीच येत नाही, हेही लक्षात असू द्या. म्हणून विनाकारण थांबलेल्या घोड्याचीही तपासणी करून घ्यावी.

संध्याकाळी गव्हाण बघा. मॉक पचलेला घोडा तोबरा साफ करतो. अर्धा उरला तर ती धाव त्याला जास्त झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी नळीवर पुन्हा अंगठा. शिन बहुधा लगेच बोलत नाही, एक-दोन दिवसांनी बोलते. तराजू असेल तर वजन मॉकच्या आधी आणि नंतर तिसऱ्या दिवशी घ्या. तिसऱ्या दिवसापर्यंत वजन जागेवर आलं नाही तर पुढचं वेगाचं काम आठवडाभर लांबवा. सगळं ठीक असेल तरी पाच-सहा दिवस फक्त चालवणं, दुडकी, सावकाश कँटर.

दुसरी मॉक की सरळ शर्यत?

गेटमध्ये शांत उभा राहिला, सरळ सुटला, घोड्यांच्या मागे राहून माती झेलली, विचारल्यावर पुढे आला आणि तिसऱ्या दिवशी पायाला काही नाही: अशा घोड्याला दुसरी मॉक कशाला? १२ ते १४ दिवसांनी होणाऱ्या शर्यतीत त्याची पहिली एन्ट्री भरा, मधे एकच हलकं वेगाचं काम.

वरच्यापैकी एखादी गोष्ट चुकली असेल तर दोन आठवड्यांनी दुसरी मॉक द्या. ती १००० मीटरचीच, पण जिथे चुकला तेवढीच गोष्ट शिकवण्यासाठी. स्लो सुटला असेल तर आधी दोन वेळा फक्त गेट. माती लागल्यावर डोकं वर केलं असेल तर सकाळच्या गॅलपला जुन्या घोड्याच्या ठीक मागे ठेवून आठवडाभर सवय. भित्र्या फिलीला (तरुण घोडीला) पहिली मॉक तीन घोड्यांची आणि दुसरी सहांची, असं करता येतं. अंगाने मोठा, सुस्त घोडा दुसऱ्या मॉकला १२०० मीटर घेतला तरी चालतो. तिसरी मॉक शक्यतो नको. दोन मॉकनंतरही जो घोडा तयार वाटत नाही त्याला मॉकपेक्षा महिनाभर मोकळं सोडण्याची गरज असते. वारंवार मॉक दिलेले घोडे सपाट होतात. गेट, धाव, थांबा हे त्यांना पाठ होतं आणि मग खऱ्या शर्यतीतही ते शेवटच्या २०० ला आपलं काम झालं म्हणून हात सोडतात.

ब्लिंकर्स किंवा टंग टाय लावायचं ठरलं तर ते दुसऱ्या मॉकलाच लावून बघा. शर्यतीत पहिल्यांदा काही नवीन नको.

पैसे लावणाऱ्यांसाठी

मॉक बघून पहिल्यांदा धावणाऱ्या घोड्यावर पैसे लावायचे असतील तर आधी निकाल बाजूला ठेवा. मॉक जिंकली यात जवळजवळ काहीच नाही. कोणाला हरवलं ते बघा. मागच्या हंगामात दोन-तीन शर्यती जिंकलेला घोडा त्या मॉकमध्ये चाबूक न खाता, नुसत्या हाताने धावून दुसरा आला असेल तर त्याच्याशी बरोबरी करणाऱ्या नव्या घोड्याला अर्थ आहे. रायडरचे हात बघा. एकाने लगाम धरून ठेवलाय आणि दुसरा ढकलतोय, तर दोघांमधली दोन लांब्यांची तफावत खोटी. एक सेकंद म्हणजे साधारण पाच-सहा लांब्या. वरती बसलेला जॉकी ५२ किलोंचा होता की रायडिंग बॉय ६२ चा, एवढ्याने काही लांब्यांचा फरक पडतो, आणि मॉकच्या निकालात वजन नसतं.

शेवटच्या २०० ची वेळ आणि पोस्टनंतरची चाल या दोनच गोष्टी मिळाल्या तरी पुष्कळ. मॉकनंतर घोडा महिनाभराने शर्यतीत येतोय आणि मधे ट्रॅकवर्कच्या पानावर त्याचं नावही नाही, तर मधे काहीतरी बिघडलं होतं असं समजून चाला. १२-१४ दिवसांनी येतोय, मधे एकदा ६०० मीटर ४०-४१ सेकंदांत सहज दाखवलंय आणि मॉकला बसलेला जॉकीच शर्यतीलाही आहे, हे बरं लक्षण. तरीही पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात) एकदा बघून घ्या. मांड्यांच्या मधे पांढरा फेस, घाम ठिबकतोय, सईसला ओढत नेतोय, तर मॉक कितीही चांगली झालेली असो, पहिल्या शर्यतीला त्या घोड्याला लांब ठेवलेलंच बरं.